फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती

माझा थोरला भाऊ 1981 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागला आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाला. संघटनेच्या कामापायी अधिकारी व्हायची संधी त्यानं सोडून दिली. माझी मुलगी मनू एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. तिचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मी स्वतः डोंबिवलीत आयुर्विम्याची एजंट. मला पगार नाही, कमिशन आहे. पैशाच्या धंद्यात माणसाला मोबदला द्यायच्या तीन तऱ्हा आमच्या एका घरात नांदतात: करारानं ठरलेला पगार, टार्गेटवर हलणारा पगार आणि निव्वळ कमिशन.

मध्यंतरी मनूला एका खासगी आयुर्विमा कंपनीचं ऑफर लेटर आलं. आताचं पॅकेज नऊ लाखांचं, नवं बारा लाखांचं. दादा घरी आला होता. तिनं आनंदानं पत्र त्याच्या हातात दिलं आणि पुढचे दोन तास आमच्याकडे जो वाद झाला, तो मला लिहून काढावासा वाटला, कारण तो फक्त आमच्या घरचा नाही.

दादानं अभिनंदनाचं पहिलं पान न वाचताच उलटलं, शेवटचं जोडपत्र काढलं आणि पेन्सिल मागितली.

दादा : यातले बारा लाख कुठे आहेत ते दाखव.

मनू : हे काय, खाली. एकूण सीटीसी.

दादा : एकूण दिसतंय गं मला. सुटं करून बघू. फिक्स्ड आठ लाख चाळीस हजार. व्हेरिएबल तीन लाख, तेही टार्गेट शंभर टक्के पुरं झालं तर. जॉइनिंग बोनस साठ हजार, एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचा. आत्ता तुला फिक्स्ड किती?

मनू : सात ऐंशी.

दादा : म्हणजे खरी वाढ वर्षाला साठ हजारांची. महिन्याला पाच हजार. उरलेलं तू कमवायचंस.

मनू : कमवीन की! गेल्या वर्षी मी एकशे दहा टक्के केलंय. व्हेरिएबल म्हणजे काही भीक नाही मामा. मी जास्त काम करते, मला जास्त मिळतं. तुमच्याकडे जास्त काम करणाऱ्याला काय मिळायचं? शेजारच्या टेबलावरचं काम.

दादा : ते मान्य. पण हे बघ, या आठ-चाळीसमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा धरलाय, मेडिक्लेमचा हप्ता धरलाय आणि ग्रॅच्युइटीही धरली आहे. मूळ पगाराच्या 4.81 टक्के. ती सलग पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही. तुझी ही कितवी नोकरी?

मनू : घेतली तर चौथी.

दादा : आणि पाच वर्षं कुठे झाली?

मनू : कुठेच नाही.

दादा : मग दर पॅकेजात ती रक्कम मोजली गेली आणि तुला त्यातला रुपयाही मिळाला नाही.

हा 4.81 चा आकडा कुठून येतो, ते सांगायला हवं, कारण तो हजारो ऑफर लेटरांत छापलेला असतो आणि फार थोडे जण त्याच्यापाशी थांबतात. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार ठरवला, महिना 26 दिवसांचा धरून. 15 भागिले 26, आणि ते वर्षाच्या बारा महिन्यांवर पसरलं की 4.81 टक्के. हिशेब बरोबर आहे. पण जिथे माणसं दोन-तीन वर्षांत निघून जातात, तिथे हा आकडा पगारात मिळवून दाखवणं म्हणजे बहुतेकांना कधीच न मिळणारी रक्कम त्यांच्या पॅकेजात लिहिणं. माझ्या मते हे बंद व्हायला हवं.

आणि माणसं निघून जातात हे काही ऐकीव नाही. रिझर्व्ह बँकेनंच डिसेंबर 2024 च्या अहवालात ते नोंदवलं आहे. 2023-24 मध्ये खासगी बँकांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या सरकारी बँकांतल्या संख्येच्या पुढे गेली, आणि त्याच अहवालात म्हटलं आहे की निवडक खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सरासरी 25 टक्क्यांच्या आसपास आहे. दर वर्षी चारातलं एक माणूस. रिझर्व्ह बँकेला याची काळजी वाटते ती कामकाजातल्या जोखमीमुळे: अनुभवी माणूस गेला की ग्राहकाची माहिती जाते, चुका वाढतात, नव्या भरतीचा खर्च वाढतो.

मनूला मात्र या अहवालातला खासगी बँका पुढे गेल्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटला.

मनू : बघ ना, नोकऱ्या कोण देतंय? तुमच्या बँका की आमच्या? 2017 पर्यंत सत्तावीस सरकारी बँका होत्या, 2020 मध्ये बारा उरल्या. देना गेली, विजया गेली, स्टेट बँकेच्या पाच सहयोगी बँका गेल्या. मी दादरच्या क्लासला दीड वर्ष जाऊन आयबीपीएसच्या परीक्षा दिल्या आहेत. प्रिलिम निघाली, मेन्स नाही. माझ्या बॅचमध्ये इंजिनिअर होते, एमएस्सी होते, सगळे कारकुनाच्या जागेसाठी. तू किती शिकला होतास लागलास तेव्हा?

दादा : बी.कॉम. दुसऱ्या वर्गात.

मनू : तुला नोकरी मिळाली कारण तेव्हा दर महिन्याला शाखा उघडत होत्या. तुमची पिढी योग्य वेळी दारात होती. नंतर दार लागलं, आणि आता आतली माणसं बाहेरच्यांना म्हणताहेत की बाहेर फार ऊन आहे.

दादा यावर गप्प बसला नाही, पण त्याला थोडा वेळ लागला. मनूच्या बोलण्यात तथ्य होतं. 1969 च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या 8262 शाखा होत्या. 1990 पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. गावोगावी शाखा उघडायची तर माणसं लागणार. त्या वीस वर्षांत मराठी मध्यमवर्गातल्या किती घरांत पहिला पक्का पगार बँकेचा किंवा एलआयसीचा आला, ते आपापल्या नात्यागोत्यात मोजून पाहावं. मुलगा 'बँकेत आहे' एवढं सांगितलं की मुलीकडचे पुढचे प्रश्न विचारत नसत.

दादा : दार लागलं ते आम्ही लावलं नाही. 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती आणली, सुमारे लाखभर माणसं गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. शिपाई आणि दफ्तरीची कामं कंत्राटावर गेली. गावातलं काम बँक मित्राकडे गेलं, तो व्यवहारामागे कमिशनवर जगतो. आता पदवीधर पोरं अप्रेंटिस म्हणून घेतात. स्टेट बँक महिना पंधरा हजार विद्यावेतन देते, वर्षभर. काम कारकुनाचं, नाव शिकाऊ. काम कमी झालेलं नाही मनू. कामाला नोकरी म्हणायचं कमी झालंय.

मनू : आणि अ‍ॅप? यूपीआय? एटीएम? अख्खा काउंटर मोबाइलमध्ये गेला. त्याचं काय करणार तुमची संघटना? तुम्ही तर कॉम्प्युटरलाही विरोध केला होता.

हा प्रश्न दादाला अनेकांनी विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर त्यानं कायम एकाच आवाजात दिलेलं आहे, अजिबात न ओशाळता.

दादा : केला होता. आणि मग 1983 च्या सप्टेंबरात करार केला. कुठल्या शाखेत किती यंत्रं, कुणाचं काम बदलणार, कुणाला किती भत्ता, सगळं लिहून. माझ्या शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं तेव्हा ते चालवणाऱ्याला वेगळा भत्ता होता. यंत्र आलं म्हणून एकालाही घरी पाठवलं नाही. उशीर झाला, हे खरं. लोक टोकन हातात धरून तासभर बसायचे, तेही खरं. पण यंत्र आणायच्या आधी आम्हाला विचारावं लागलं. तुमच्या बँकेत गेल्या वर्षी ते चॅटचं यंत्र आलं आणि कॉल सेंटरची माणसं कमी झाली, तेव्हा कुणाला विचारलं?

मनू : कुणाला नाही. मेल आला.

इथे दादानं एक आठवण काढली. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा, म्हणजे जानेवारी 1982 मध्ये, तो लालबागच्या शाखेत नवा होता. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांची बचत खाती त्याच्याच काउंटरवर. पहिल्या महिन्यांत लोक शंभर-दोनशे काढत. मग पन्नास. मग खातं चालू राहण्यापुरती शिल्लक ठेवून बाकी सगळं. पुढे काही जणांच्या बायका पासबुकं घेऊन येऊ लागल्या, कारण नवरे गावी कोकणात गेले होते. पासबुकाची पानं दादा भरत असे, स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत. एकाच घराची मिळकत कशी आटत जाते ते त्यानं ओळीओळीनं लिहिलेलं आहे. 'संघटना करूनही माणसं हरतात हे मला लागल्यावर वर्षभरातच कळलं,' तो म्हणाला. 'तरीही मी संघटनेत गेलो. कारण गिरणीतला माणूस जेव्हा एकटा पडला, तेव्हा त्याच्यापाशी मागायला काहीच उरलं नाही, हेही मी बघितलं.' आज त्याच गिरण्यांच्या जमिनींवर बँका, म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि मनू तिथल्याच एका लिफ्टनं वर जाते.

मनू हळवी झाली, पण मागे हटली नाही.

मनू : पण मामा, तुमच्या सुरक्षिततेचे पैसे कुणी भरले? सरकारनं 2017 मध्ये सरकारी बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींचं भांडवल जाहीर केलं. ते लोकांचे पैसे. आमच्या बँकेनं सरकारकडे हात पसरला नाही.

दादा : ते भांडवल बुडीत कर्जांपायी लागलं. कारकुनानं दिलेली कर्जं नव्हती ती. स्टीलची, विजेची, रस्त्याची मोठी कर्जं होती. कॅशियरचा पगार वाढला म्हणून कुठलीही बँक बुडालेली मी तरी पाहिली नाही.

मनू : आणि ऐंशीच्या दशकातले कर्जमेळे? मांडव घालून कर्जं वाटली. तेव्हा तुमच्या शाखांनी नाही म्हटलं?

दादा : नाही म्हटलं. म्हणजे, नकार दिला असं नाही. नकार देता आला नाही. ऑर्डर वरून होती.

मनू : मग आम्हालाही ऑर्डर वरूनच असते.

इथून वादाला वेगळं वळण लागलं, आणि मनू जे बोलली ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सकाळी साडेनऊला हडल. प्रत्येकानं आजचा आकडा बोलायचा: किती खाती, किती एफडी, किती एसआयपी, किती लाखांचा विमा हप्ता. दुपारी दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता येतो, नावासमोर हिरवा, पिवळा, लाल रंग. संध्याकाळी सातला रिव्ह्यू कॉल, त्यात लाल नावांना सगळ्यांसमोर विचारतात. मार्चमध्ये हा कॉल रात्री साडेनऊलाही असतो. कर्ज मंजूर व्हायचं असेल तर त्याला विमा जोडायचा, लॉकर हवा असेल तर पॉलिसी सुचवायची. 'सुचवायची' हा शब्द तिनं दोनदा उच्चारला.

मनू : एक काका होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची एफडी मोडून पाच वर्षं हप्ता भरायची पॉलिसी द्यायचा आग्रह होता. मी नाही दिली. त्या महिन्यात मी लाल होते. माझ्या शेजारच्यानं दिली असती. तो वाईट नाही मामा, त्याच्या घराचा हप्ता व्हेरिएबलवर चालतो.

दादा काही बोलला नाही. मीच बोलले, कारण हा माझा विषय होता.

बँकेच्या टेबलावरून विमा गळ्यात मारला जातो ही तक्रार आता थेट अर्थमंत्र्यांपर्यंत गेलेली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकवाल्यांसमोरच सांगितलं की चुकीच्या विमाविक्रीमुळे ग्राहकाचा कर्जाचा खर्च अप्रत्यक्षपणे वाढतो आणि बँकांनी आपल्या मूळ कामाकडे लक्ष द्यावं. सगळे सहमत झाले. पण चुकीची विक्री टेबलामागच्या माणसाच्या लोभातून होते असं समजून त्याला नियमांची प्रशिक्षणं देत राहणं, हा उपाय वरवरचा आहे. ती विक्री पगाराच्या रचनेत असते. एखाद्या मुलीच्या मिळकतीचा चौथा हिस्सा मार्चच्या आकड्यावर टांगला, तर मार्चमध्ये काय होईल ते सांगायला अभ्यासगट नको.

कमिशनचंही तसंच. आयुर्विम्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटला जास्त आणि पुढच्या वर्षांत कमी मिळायचं, म्हणून नवी पॉलिसी काढण्यात जीव जायचा आणि जुनी लॅप्स झाली तरी हळहळ थोडी. ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलले. एक वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम परत मिळू लागली, आणि त्याबरोबर एलआयसीनं पहिल्या वर्षाचं कमिशन बोनस धरून 35 टक्क्यांवरून 28 वर आणलं, पुढच्या हप्त्यांवरचं 5 वरून साडेसातवर नेलं. एजंटांच्या संघटनांनी देशभर निदर्शनं केली. नव्यानं लागलेल्या एजंटला ही कात्री लागतेच. त्याच्यापाशी जुन्या हप्त्यांचा साठा नसतो. तरीही ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर दिशा बरोबर आहे, असं मी माझ्या सोबतिणींनाही सांगते. दर महिन्याला घरी जाऊन हप्त्याची आठवण करणारी बाई, नवऱ्याच्या मृत्यूनंतर दाव्याचे कागद भरून देणारी बाई, तिच्या त्या कामाला आता थोडी किंमत आली.

दादा : आणि ती विमा सखी?

तो मला चिडवत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. 9 डिसेंबर 2024 ला पानिपतमध्ये पंतप्रधानांनी ही योजना सुरू केली. दहावी झालेल्या बायकांना एलआयसीची एजंट करायचं. पहिल्या वर्षी महिना 7000, दुसऱ्या वर्षी 6000, तिसऱ्या वर्षी 5000 विद्यावेतन, वर कमिशन. अट अशी की वर्षाला किमान चोवीस जणांचा विमा उतरवायचा, आणि पुढच्या वर्षी विद्यावेतन चालू ठेवायला आधीच्या वर्षातल्या 65 टक्के पॉलिसी जिवंत असायला हव्यात. माझ्या ओळखीच्या दोघी त्यात आहेत. एक बदलापूरची, शिवणकाम करायची. ती मला म्हणाली, सात हजार येतात म्हणून घरात कुणी विचारत नाही की दिवसभर कुठे होतीस. हे छोटं नाही. पण चौथ्या वर्षी विद्यावेतन शून्य होतं, आणि मग ती माझ्यासारखी होते: सुट्टीत पैसे नाहीत, आजारपणात पैसे नाहीत, पगारी कर्मचाऱ्याचा पीएफ नाही. एलआयसी आपल्या एजंटांना ग्रॅच्युइटी देते, 2023 मध्ये तिची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख झाली. खासगी विमा विकणाऱ्या, तिसऱ्याच एजन्सीच्या पगारावर बसवलेल्या मुलांना तेवढाही आधार नसतो.

मनू : आई, पण तुझ्यावर कुणी रिव्ह्यू कॉल घेत नाही.

हे तिनं सहज म्हटलं, आणि ते खरं आहे.

मग दादानं त्याचा हुकमी आकडा काढला. 8 मार्च 2024 ला बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या, 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू. पगारात 17 टक्के वाढ, बँकांवर वर्षाला 8284 कोटींचा बोजा. आज कारकून लागतो तो 24,050 च्या मूळ पगारावर, प्रोबेशनरी ऑफिसर 48,480 च्या. त्यावर महागाई भत्ता, जो दर तीन महिन्यांनी महागाईच्या आकड्याप्रमाणे बदलतो, घरभाडं, बाकीचे भत्ते. त्याच महिन्यात एलआयसीच्या लाखभर कर्मचाऱ्यांचीही पगारवाढ झाली, ऑगस्ट 2022 पासूनची.

दादा : आता बोल. लागताना कोण जास्त देतं?

मनू : लागताना तुम्ही. पण वर बघ ना. 2022-23 मध्ये स्टेट बँकेच्या अध्यक्षांना वर्षाचे 37 लाख, आणि एचडीएफसी बँकेच्या प्रमुखांना साडेदहा कोटी. बँक केवढी, जबाबदारी केवढी, आणि 37 लाख? कुठला हुशार माणूस तीस वर्षं तिथे थांबेल? तुमच्याकडे तळ उंच आहे, पण छतही डोक्याला लागतं.

दादा : त्या साडेदहा कोटींच्या खुर्च्या किती? एक. आणि हडलला उभ्या राहणाऱ्या किती? एका बँकेत दोन लाखांवर माणसं आहेत. त्या एका खुर्चीकडे बघत सगळ्यांनी पळायचं.

मनू : पळणाऱ्यांत मी असेन तर? बायका तिथे वर जाताहेत मामा. तुझ्या शाखेत किती बायकांनी बढती नाकारली, बदली नको म्हणून?

दादा : बऱ्याच.

मनू : तूही नाकारलीस. तुझ्याकडे तो मार्ग होता: पगार चालूच राहणार, मग नको ती जबाबदारी. मला तसं जगायचं नाही. मला माझं काम मोजलेलं हवंय.

मला वाटतं, यात दोघांचंही म्हणणं पूर्ण पटणारं नाही. मनूचं म्हणणं की काम मोजलं जावं, हे रास्त आहे. चांगल्या आणि कामचुकार माणसाला एकच तराजू लावल्यानं सरकारी बँकांतल्या कितीतरी मनस्वी माणसांचा उत्साह मेला, हे मी भावाच्याच मित्रांत पाहिलं आहे. पण आज मोजलं जातं ते काम नसून विक्री आहे. शिक्षक काकांची एफडी न मोडणं हे मनूनं केलेलं उत्तम बँकिंग होतं; त्याची नोंद लाल रंगात झाली.

आणि मोजमापाचे नियमही वर आणि खाली सारखे नाहीत. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2019 मध्ये खासगी बँकांच्या प्रमुखांच्या आणि मोठी जोखीम घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराबद्दल सविस्तर नियमावली काढली. निम्मा तरी पगार व्हेरिएबल हवा, त्यातला मोठा भाग काही वर्षं अडवून ठेवायचा, पुढे गडबड निघाली तर रोखायचा किंवा परत घ्यायचा. विचार पक्का आहे: आज फायदा दाखवून उद्या तोटा सोडून जाणाऱ्याला लगाम हवा. मग हाच विचार खाली का पोचत नाही? शाखेतल्या मुलीचं टार्गेट वर्षाच्या मध्यात बदलता येणार नाही, तिच्या पगाराचा अमुक इतक्याहून जास्त वाटा विमाविक्रीला बांधता येणार नाही, असं एक पान कुणी लिहिलेलं नाही. विमा आणि बँक हा धंदाच मुळी दुसऱ्याची अनिश्चितता पैसे घेऊन स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्या धंद्यानं गेल्या पंचवीस वर्षांत आपली स्वतःची अनिश्चितता मात्र उचलून खालच्या पायरीवरच्या माणसाच्या पगारात ठेवली. बाजार पडला, व्याजदर बदलला, नवा नियम आला, की पहिला फटका तिच्या व्हेरिएबलला. माझं सारं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी दोघांनाही सांगितलं.

दादाच्या किल्ल्यालाही भेगा आहेत, हे त्यानं आपणहून सांगितलं. 1 एप्रिल 2010 नंतर लागलेल्यांना जुनं पेन्शन नाही, त्यांचं म्हातारपण एनपीएसच्या बाजारावर. त्याचं स्वतःचं पेन्शन निवृत्तीच्या वेळच्या पगारावर गोठलेलं आहे. नंतर कितीही करार झाले तरी मूळ पेन्शन वाढत नाही. 2021 पर्यंत तर कुटुंबनिवृत्तिवेतनाची कमाल मर्यादा 9284 रुपये होती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या विधवेला महिना नऊ हजार. ती मर्यादा काढून शेवटच्या पगाराच्या 30 टक्के करायला किती निवेदनं द्यावी लागली, ते तो सांगत बसला आणि मनू पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत राहिली.

मनू : हे निवेदन-बिवेदन देणार कोण आमच्यात? माझ्या टीममध्ये आठ जण आहेत. दोघं नोटीस पिरियडवर. एक गेल्या महिन्यात आलाय, एक दिवाळीनंतर जाणार. संघटना करायची तर माणसं ओळखीची तरी व्हायला हवीत.

दादा : आमची संघटना, एआयबीईए, 1946 ला झाली. पहिला द्विपक्षीय करार 1966 ला. मध्ये किती लोक नोकरीवरून गेले, किती बदल्या झाल्या.

मनू : म्हणजे मी वीस वर्षं थांबू?

दादा : अजिबात थांबू नकोस. आत्ता काय मागता येतं ते माग. हा जॉइनिंग बोनस फिक्स्डमध्ये घाला म्हण. आणि टार्गेट लेखी माग, एप्रिलचं, वर्षाच्या मध्यात बदललं तर तेही लेखी.

मनू : असं कुणी मागत नाही.

दादा : मागितलंस तर काय करतील? नाही म्हणतील. आत्ता तुला त्यांची जितकी गरज आहे, तितकीच त्यांना तुझी आहे. सही केल्यावर ती उरणार नाही.

तिनं त्याच्यासमोरच मेल लिहिला. 'साहेब'च्या जागी कुणाचं नाव घालायचं, यावर दोघांचं पुन्हा वाजलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: जॉइनिंग बोनसमधले तीस हजार फिक्स्डमध्ये घेतले आहेत. टार्गेटच्या मुद्द्यावर एचआरच्या बाई म्हणाल्या की ते 'बिझनेस ठरवतो', लेखी देता येणार नाही. मनूनं दादाला फोन केला. दोघं अर्धा तास बोलत होते. तिनं अजून सही केलेली नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, आणि ती आता तिच्या जुन्या टीममधल्या त्या कंपनीत गेलेल्या तिघांना शोधून विचारते आहे की गेल्या वर्षी त्यांचं टार्गेट किती वेळा बदललं.